परत आलेली वाटी

टेबलावर एक्केचाळीस वाट्या होत्या. सव्वीस स्टीलच्या, आठ प्लॅस्टिकच्या, चार काचेच्या, दोन चिनी मातीच्या आणि एक पितळेची, आतून कल्हई केलेली. सदतीस वाट्यांत दही होतं, तीन वाट्यांत ताक, आणि एकीत सकाळीच विरजण लावलेलं, अजून न लागलेलं दूध. स्टीलच्या सव्वीसपैकी एकोणीस वाट्यांवर नावं कोरलेली होती. त्यांतल्या सात वाट्यांवरचं नाव, ज्या घरातून वाटी आली त्या घरातल्या कुणाचंच नव्हतं. लग्नात आहेर म्हणून आलेली भांडी असतील, असं म्हणून आरोग्यसेविका सुनेत्रा खोतनं वहीच्या कडेला तेवढी नोंद केली आणि ती पुढे गेली.

यादीत मात्र घरं चाळीसच होती.

एक्केचाळिसावी वाटी तिनं स्वतःच्या घरून, कुणाला न सांगता, पिशवीत घालून आणली होती. ती तिनं टेबलाच्या अगदी कडेला, खिडकीकडे ठेवली. तिच्यावर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. हात ओला होता.

सकाळचे सात वाजले होते. कुरणमाळ वसाहतीच्या आरोग्य केंद्रात अजून कुणी आलं नव्हतं. नदीकाठची दोन गावं पुरानंतर उचलून या माळावर वसवली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. यंत्रमागावर काम करणारी माणसं, घरटी एखाददुसरी म्हैस, आणि एकच पूल. गेल्या अकरा दिवसांत वसाहतीत तेवीस जणांना जुलाब लागले होते. सतरा मुलं, सहा मोठी माणसं. एक बाळ तालुक्याच्या रुग्णालयात सलाईनवर होतं. चौगुल्यांची समिधा, वय नऊ महिने.

दह्यापर्यंत सुनेत्रा मोजणीनंच पोचली होती. आजारी घरांत जाऊन तिनं कोण काय जेवलं ते माणूसवार लिहून काढलं. दही किंवा ताक जसंच्या तसं पोटात गेलेल्या बासष्ट जणांपैकी बावीस आजारी पडले होते. त्याच दह्याची फक्त उकळलेली कढी खाल्लेल्या एकोणतीस जणांपैकी एक. तो एकही पुढे बाद झाला. त्या आजोबांनी तिला बाजूला बोलावून सांगितलं, "सुनेला बोलू नकोस, पण ताक प्यालो होतो वाटीभर. डाक्टरनं बंद केलंय नव्हं."

काल संध्याकाळी रुग्णालयातून जिवाणूचा अहवाल आला. समिधाच्या पोटातला जिवाणू बाहेरून आलेला कुणी परका नव्हता. ती सरकारी पाकिटातली पाठराखीण होती.

साडेसातला डॉक्टर फरीदा मुजावरांचा फोन आला. त्या जिल्ह्याच्या साथरोग अधिकारी होत्या.

"किती घरं घेतलीस?"

"चाळीस, मॅडम. आजारी घरं चौदा, आणि त्यांच्या आसपासची सव्वीस."

"चार वाजेपर्यंत मला मूळ घर हवं. विष कुठल्या घरात चढलं ते नकोय. ते कुठंही चढू शकतं. कुलूप कुठं तुटलं ते सांग. त्या घराचं नाव केंद्राच्या काचेच्या फलकावर लागेल. ज्यांनी ज्यांनी तिथलं विरजण नेलंय, ते आपणहून पुढे येतील, दही फेकतील. पंचनाम्यापेक्षा ते लवकर होतं."

"नाव लावायलाच हवं का, मॅडम? नुसता घर क्रमांक…"

"क्रमांकानं विरजण नेतं का कुणी?" मॅडम म्हणाल्या. "बाळाचं काय?"

"वजन सहा किलो तीनशे. दहा दिवसांपूर्वी सात किलो शंभर होतं."

मॅडमनी "चार वाजता" एवढंच म्हणून फोन ठेवला.

पाठराखीण म्हणजे नवरीबरोबर सासरी सोबतीला जाते ती. हे नाव सरकारी कचेरीतल्या कुणाला सुचलं ते ठाऊक नाही, पण ते पाकिटावर छापून आलं आणि रुळलं. पाकिटात ई-कोलाय जिवाणूची एक घडवलेली जात असे.

ई-कोलाय तसा प्रत्येकाच्या आतड्यात असतो. शाळेत हे सांगितलं की मुलं आपल्या पोटाकडे संशयानं बघतात, हे सुनेत्राला माहीत होतं. बहुतेक जाती निरुपद्रवी असतात. जुलाब लावणाऱ्या जातींत आणि त्यांच्यात फरक असतो तो मोजक्या जनुकांचा. दोन गोष्टी लागतात. एक, लहान आतड्याच्या भिंतीला धरून राहायला आकडे. ते नसले तर जिवाणू अन्नाबरोबर पुढे वाहून जातो. दुसरी गोष्ट विष. या विषानं जखम होत नाही, रक्त येत नाही. ते भिंतीतल्या पेशींना एक खोटा निरोप देतं, की दारं उघडा. पेशींतलं मीठ बाहेर पडतं आणि मिठाच्या मागोमाग पाणी. अंगातलं पाणी आतड्यात, आतड्यातलं बाहेर. नऊ महिन्यांच्या बाळाकडे मुळात असं किती पाणी असतं?

विषाचं हे जनुक पुष्कळदा जिवाणूच्या मुख्य गुणसूत्रावर नसतंच. ते एका सुट्या, लहानशा कडीवर असतं. आणि ही कडी एक जिवाणू दुसऱ्याला देऊन टाकू शकतो.

पाठराखिणीला आकडे दिले होते, विष दिलं नव्हतं. ती आधी जाऊन जागा धरायची, मग वाईट जातींना बसायला जागा उरायची नाही. ती मोकाट सुटू नये म्हणून तिच्यात कुलूप बसवलं होतं. एक पोषकद्रव्य, जे निसर्गात कुठंच नाही, फक्त पाकिटातल्या पुडीत आहे. ते संपलं की चार-पाच दिवसांत ती मरते. म्हणून पाकीट दर महिन्याला घ्यायचं, पाण्यातूनच घ्यायचं, दुधादह्यात मिसळायचं नाही, साठवायचं नाही. सुनेत्रानं हे चाळीसच्या चाळीस घरांत चित्राचा तक्ता धरून समजावलं होतं.

तिनं पहिल्या चार वाट्यांतून काडीच्या टोकाएवढं दही घेतलं आणि यंत्र सुरू केलं. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र, पण पाठराखिणीची पन्नास लाख अक्षरं ते वाचायचं. पाकिटातल्या मूळ अक्षरमालेशी ताडून कुठलं अक्षर बदललं ते सांगायचं आणि सगळ्या नमुन्यांचं मिळून एक झाड काढायचं. पाकीट म्हणजे खोड. ज्या घरातले बदल कमी, ती फांदी खोडाजवळ. जास्त बदल, ती शेंड्याकडे. एका वेळी चार नमुने, पस्तीस मिनिटं. चाळीस नमुन्यांना दहा फेऱ्या. एक्केचाळिसावा उरत होता.

नऊच्या सुमारास रोहिणीवहिनी आली. कडेवर आर्वी, दोन वर्षांची, हातात बिस्किट. वहिनीनं दारातूनच टेबलाकडे बघितलं.

"दह्याची वाटी तू आणलीस होय? मी आपली फ्रीज पालथा घालतेय."

"हो."

"यादीत आपलं घर आहे?"

"नाही."

वहिनी आत आली. आर्वीला खाली ठेवून तिनं आवाज खाली आणला. "मग कशाला? आपल्याकडे कुणाला काही झालंय का? ही बघ, धडधाकट आहे. सकाळी दोन भाकऱ्यांचा काला खाल्लाय."

"वहिनी, पाकीट मी घातलं होतं ना. आपल्या दह्यात."

"एकदा. तेही पूल बंद होता म्हणून. ही पाण्यातलं थुंकत होती म्हणून. गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. आपल्या घरातून कुणी विरजण नेलं का कधी? सांग. सगळी वसाहत जाते गौराक्कांकडे. माझं दही लागतं तरी का धड? त्यांच्याकडूनच तर आणायचे मी."

"कुणी नेलं नाही, नक्की?"

"नाही नेलं. शप्पथ." वहिनीनं आर्वीला पुन्हा उचललं. "नोकरी कायम होऊन सहा महिने झालेत तुझी. उगाच स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस, सुनू. ती वाटी धुऊन टाक."

वहिनी गेल्यावर सुनेत्रानं चौथी फेरी लावली. मग पाचवी. मधल्या पस्तीस पस्तीस मिनिटांत ती खिडकीकडच्या वाटीकडे बघायचं टाळत होती, आणि म्हणूनच तिचं लक्ष पुन्हा पुन्हा तिकडे जात होतं.

हिशोब तिला पाकीट मिसळलं तेव्हाही येत होता. एका पाकिटात एक हजार कोटी जिवाणू. कुलूप आपोआप बिघडलेला जिवाणू शंभर कोटींत एक. म्हणजे पाकिटात दहा. पोटात गेलेले दहा गर्दीत हरवून वाहून जातात. पण दुधात घातले, तर? पहिल्या दिवशी पुडीतलं पोषकद्रव्य असतं, सगळेच वाढतात. दुसऱ्या दिवशी चमचाभर दही नव्या दुधात पडतं, पोषकद्रव्य पन्नास पटींनी पातळ होतं. तिसऱ्या दिवशी आणखी पन्नास पटींनी. कुलूपवाले मरतात, बिघडलेले उरतात. आंबटपणात त्यातलेही बरेच मरतात, पण रोज नवं गोड दूध मिळत असतं. प्रयोगशाळेत बिघडलेला जिवाणू निवडून काढायचा असता तर तिनं अगदी हेच केलं असतं, रोज एक चमचा, चौदा महिने.

त्या दिवशी तिनं एवढंच म्हटलं होतं, "चार दिवस तरी पुरेल गं वहिनी." वसाहतीत तेव्हा तेच एक पाकीट उरलं होतं. खालच्या गावात जुलाबानं दोन मुलं गेली होती, आणि आर्वी दहा महिन्यांची होती.

दीडच्या सुमारास दहावी फेरी संपली. पडद्यावर झाड पूर्ण झालं.

चाळीसपैकी सत्तावीस वाट्यांत पाठराखीण निघाली, आणि सगळ्या सत्ताविसांत कुलूप तुटलेली. त्यांतल्या सोळांत विषाची कडी होती. आजारी चौदा घरं त्या सोळांतलीच. सुनेत्रानं झाडाचा बुंधा बघितला. सगळ्या सत्ताविसांत तीन बदललेली अक्षरं समान होती. पहिलं अक्षर कुलपाचं. फक्त तीनच बदल असलेली, म्हणजे खोडाला सगळ्यात जवळची फांदी एकच होती. क्रमांक एक. गौरा मगदूम.

तिला हलकं वाटलं. अगदी स्पष्ट, पोटातून हलकं वाटलं. मग त्याची लाज वाटली, पण आधी हलकं वाटलं हे खरं.

घरोघरच्या उत्तरांशी झाड जुळत होतं. छापील तक्त्यातला सहावा प्रश्न होता, 'विरजण कोणाकडून घेतलं?' सत्ताविसांतल्या एकवीस घरांनी गौराक्काचं, किंवा गौराक्काकडून नेलेल्या कुणाचं, नाव सांगितलं होतं. राहिली सहा. त्यांतलं एक घर खुद्द गौराक्काचं. आणि पाच घरं म्हणत होती की त्यांनी कधीच कुणाकडून विरजण घेतलं नाही. त्या पाचांत समिधाचं घर होतं.

"खोटं सांगतायत," ती स्वतःशी म्हणाली. साथ आली की लोक खोटं सांगतातच. तिनं पाचही नावांपुढे प्रश्नचिन्ह काढलं. गौराक्कापुढेही काढायला हवं होतं. ज्या बाईनं कुणाकडून घेतलं नाही आणि पाकीटही मिसळलं नाही, तिच्या दह्यात पाठराखीण आली कुठून? म्हणजे आक्कानंच पाकीट दह्यात घातलं असणार आणि आता कबूल करत नसणार. सोपं होतं. मॅडमना फोन लावायचा आणि नाव सांगायचं.

तिनं फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. निदान आक्काला आधी सांगायला हवं. नमुना घेऊन झालेली आक्काची वाटी तिनं जंतुनाशकात बुडवली, गरम पाण्यानं धुतली, पुसली. वाटीवर अक्षरं होती, 'सौ. गौरा बाळगोंडा मगदूम'. बाळगोंडा जाऊन आठ वर्षं झाली होती.

बातमी तिच्या आधी पोचली होती. कुणी सांगितली कुणास ठाऊक. अहवाल यायच्या आधीच सगळ्यांना वाटत होतं की दही आहे म्हणजे गौराक्का आहे. आक्काच्या ओट्यावर चार वाट्या ओळीनं ठेवल्या होत्या. दारात कुणी नव्हतं.

सत्तरीची आक्का आत मागच्या भिंतीला टेकून बसली होती. समोर गडवा, त्यावर पांढरं फडकं. हाच तो गडवा. आक्काच्या सासूच्या घरातून आलेला, आणि वसाहतीत सगळ्यांना ठाऊक असलेला. पुरात दोनदा घर बुडालं तेव्हा दोन्ही वेळा आक्का कागदपत्रं विसरली होती आणि विरजणाचा हा गडवा डोक्यावर घेऊन निघाली होती.

"ये की," आक्का म्हणाली. "का तुलाबी उंबऱ्याभायेरनंच बोलायचंय?"

"आत येते, आक्का." सुनेत्रा समोर बसली. "एकदा परत विचारते. तुम्ही पाकीट कधी दह्यात घातलं होतं? थोडंसं? चुकून?"

"तूच नव्हं तक्ता घेऊन आलतीस? फुली मारलेलं दह्याचं चित्र. पान्यातनं घेतलो मी, नाक दाबून. चव बघ जरा त्याची. म्हशीला दिली तर म्हस लाथ मारंल."

"आणि विरजण? कुणाकडून घेतलं होतंत? पुराच्या वेळी, आजारपणात?"

"चारदा इचारलीस. नाही घेतलो. दिलो मी. घ्यायची येळ आली नाही कधी." आक्कानं फडक्याची घडी सारखी केली. "समिधा कशी हाय?"

"सलाईन चालू आहे."

"तिच्या बारशाचं दही माझंच म्हनून मागायला आलती पद्मजा, पन त्या दिवशी म्हस आटलेली. दिलो नाही. बरं झालं म्हनायचं आता." आक्कानं वर बघितलं. "फळ्यावर नाव लिवणार माझं?"

सुनेत्रानं पिशवीतून वाटी काढली. "ही तुमची वाटी, आक्का."

आक्कानं वाटी घेतली. आत बघितलं, पालथी केली, पुन्हा आत बघितलं.

"तू बी रिकामीच आणलीस."

"धुतलीये. औषधाच्या पाण्यात घालून."

"धुतलीस गं. पन रिकामी. चार दाणं साखरंचं टाकायला काय झालंतं?" आक्काचा आवाज चढला नव्हता. "भायेर बघितलीस? सकाळपासनं चौघी ठेवून गेल्या, तोंड न दाखवता. रिकाम्या. माझ्या दाराला कधी रिकामी वाटी आली नव्हती. गूळ यायचा, शेंगा यायच्या, गेलाबाजार चिमूटभर मीठ. तुझी वैनी तर परगावची, तिला बी कळतंय. गेल्या साली पुरात साखर मिळंना, तर तिनं दही घालून पाठवली माझी वाटी. तुमच्याच घरचं. घट्ट होतं, हां. मी म्हनलो, शिकली पोरगी."

खोलीत पंखा फिरत होता. सुनेत्राला त्याचा आवाज खूप मोठा वाटला.

"ते दही… त्याचं तुम्ही काय केलंत?"

"काय करत्यात? घरात आलेलं दही टाकून देत्यात व्हय? गडव्यात ओतलो."

"म्हणजे तुम्ही आमच्याकडून विरजण…"

"घेतलो नाही म्हनलो की," आक्का जरा चिडून म्हणाली. "वाटी परत आली ती. ते काय घेणं असतंय?"

केंद्रात परत येताना सुनेत्रा जवळजवळ धावत होती. सात वाट्या. ज्यांच्यावर दुसऱ्यांची नावं होती त्या सात वाट्या. आहेराच्या नव्हत्याच त्या. दिलेल्या, आणि अजून परत न गेलेल्या. आणि ज्या परत गेल्या, त्यांत काय होतं हे तिनं चाळीसपैकी एकाही घराला विचारलं नव्हतं. तिनं विचारलं होतं, 'घेतलं का?' सगळ्यांनी खरं तेच सांगितलं होतं.

तिनं रुग्णालयात पद्मजा चौगुलेला फोन लावला.

"पद्मजा, तू कुणाला विरजण दिलं होतंस? गेल्या महिन्यात?"

"दिलंतं की. शेजारच्या सुनीलच्या आईला." पद्मजाचा आवाज बसला होता. "का?"

"वाटी परत आली तेव्हा आत काय होतं?"

"दहीच होतं. त्यांचं लागलेलं. चांगलं होतं, आंबट नव्हतं, म्हणून समूला भातात…" ती थांबली. "सुनेत्राताई, त्यानं झालं?"

"मी फोन करते परत. वजन घेतलं का दुपारचं?"

"सहा किलो तीनशे वीस. सकाळपेक्षा वीस ग्रॅम वर. डॉक्टर म्हणाले, अजून काही सांगता येत नाही."

सुनीलच्या आईचं घर आक्काच्या एकवीस घरांतलं होतं. फांदी जिथं तुटल्यासारखी वाटत होती तिथं जोडली गेली. राहिलेल्या चार घरांना तिनं एकामागून एक फोन केले. तिघांकडे परत आलेल्या वाटीत दही होतं. एकीला आठवत नव्हतं. मग चौघींपैकी एकीनं आपणहून सांगितलं की अशीच एक वाटी दही घालून तिनं नणंदेकडे पाठवली होती, पुलापलीकडच्या गावात. तिथं कुणी आजारी आहे का? माहीत नाही, विचारते.

घड्याळात दोन पंचवीस.

तिनं झाडाकडे बघितलं. खोडापासून आक्काच्या फांदीपर्यंत तीन अक्षरांचं अंतर होतं. चार-पाच महिन्यांना एक अक्षर, असा पाठराखिणीचा वेग. मधला काळ ती कुठंतरी राहिली होती, काही आक्काच्या गडव्यात, पण पहिलं अक्षर कुणाच्या घरात बदललं हे चाळीस वाट्यांतली एकही सांगू शकत नव्हती.

वाटी क्रमांक एक्केचाळीस खिडकीकडे होती. वर पातळ साय धरली होती, कडेला थोडं पाणी सुटलं होतं. यादीत ती नव्हती. चाळीस हा आकडा चांगला भरीव होता. कुणी विचारलं नसतं. पाच पावलांवर मोरी होती. आक्काचं नाव लागलं असतं तर आक्काकडून नेणारी एकवीस घरं पुढे आली असती. घरोघरी दही फेकलं गेलं असतं. आक्कानं गडवा रिता केला असता. पाच घरं तशीच राहिली असती, कारण त्यांनी आक्काकडून काही घेतलंच नव्हतं. आणि पुलापलीकडची नणंद.

आणि वहिनी वाटी द्यायची ती फक्त आक्कालाच का?

तिनं वहिनीला फोन केला. "वहिनी, पुराच्या वेळी साखर नव्हती तेव्हा आक्कांच्या वाटीत तू दही घालून दिलंस?"

"हो. रिकामी कशी द्यायची? कमीपणा येतो ना." मग तिनंच सांगितलं. "सुनू, ते आदल्या दिवशीचंच दही होतं. पाकिटाचं."

"आणखी कुणाची वाटी होती आपल्याकडे?"

"नाही. आठवत नाही. थांब, आठवू दे." वहिनी रडत नव्हती, पण शब्द एकमेकांत अडकत होते. "तू सांगणार आहेस त्यांना?"

"हो."

"दादाला मी सांगते मग. तू नको सांगूस," वहिनी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

सुनेत्रानं क्रमांक एक्केचाळीसमधून काडीच्या टोकाएवढं दही घेतलं. यंत्राच्या चार खाचांपैकी एका खाचेत नमुना, तीन रिकाम्या. तिनं झाकण लावलं. पस्तीस मिनिटं.

मग तिनं मॅडमना फोन केला.

"मिळालं मूळ घर?" मॅडमनी विचारलं.

"एक नमुना यंत्रात आहे. क्रमांक एक्केचाळीस."

"यादीत चाळीस आहेत."

"एक्केचाळिसावा माझ्या घरचा आहे. मागच्या वर्षी पूल बंद असताना शेवटचं पाकीट मी आमच्या दह्यात मिसळलं. ते दही परत केलेल्या वाटीतून क्रमांक एककडे गेलं. आणखी एक, मॅडम. आपला सहावा प्रश्न चुकीचा आहे. विरजण कोणाकडून घेतलं असं विचारून चालणार नाही. परत आलेल्या वाटीत काय होतं, हे विचारायला हवं. फक्त इथं नाही. जिथं जिथं पाकीट गेलंय तिथं सगळीकडे."

मॅडमच्या मागे कुणीतरी टंकन करत होतं, तो आवाज येत राहिला.

"पाकीट किती जिल्ह्यांत गेलंय, माहीत आहे तुला?"

"एकोणीस."

"वाच," मॅडम म्हणाल्या. "आणि लिहून पाठव. तुझ्या सहीनं. जे यंत्र सांगेल तेवढंच."

ती खुर्चीवर बसली. उभी राहिली. कोरा तक्ता घेऊन तिनं सहावा प्रश्न खोडला आणि नवा लिहिला, अक्षर सरळ येईना म्हणून पुन्हा लिहिला. फलकाची चावी खिशात आहे का ते तीनदा चाचपून बघितलं. बाहेर कुणीतरी म्हशी पाण्यावर घेऊन चाललं होतं. तीनला दहा कमी असताना रुग्णालयातून पद्मजाचा निरोप आला, समिधानं चमच्यानं मिठासाखरेचं पाणी घेतलं, उलटी झाली नाही.

तीन वाजून सात मिनिटांनी यंत्राचा दिवा हिरवा झाला. सुनेत्रानं पडद्यावरच्या ओळी होत्या तशा अहवालात उतरवल्या.

नमुना क्रमांक: ४१. घर: खोत. पदार्थ: दही.
पाठराखीण: आहे.
कुलूप: तुटलेलं.
विषाची कडी: नाही.
इतर सत्तावीस नमुन्यांशी समान बदल: तीनपैकी एक, कुलपाचा.
झाडातली जागा: खोडापासून पहिली.